नाव वाचलं, कागद नाही वाचला

कोणी वावरातून आत्ताच आली असेल, कोणाचा चहा चुलीवर असेल. हातचं काम चालू द्या, कान फक्त इकडे ठेवा.

मागल्या महिन्यात एका बचत गटाच्या बैठकीत बसले होते. हप्ते जमा झाले, सह्या-अंगठे झाले, आणि एक ताई उठता उठता बोलली, "बाई, पोरीले बी.ए. केलं. रोज एस.टी.नं नागपूरले धाडलं. आता दीड वर्ष झालं, घरीच बसून राह्यली. अर्ज करते, कोणी बोलवत नाही. लोक म्हणतात पोरीतच काही कमी असंन. खरं का हो?"

बैठकीत कोणी काही बोललं नाही, कारण अशी पोरगी जवळजवळ प्रत्येकीच्या घरात नाहीतर शेजारी आहे. कळमेश्वरची एमआयडीसी गावाला लागून आहे, नागपूर तासाभरावर आहे, कारखान्यांचे भोंगे आपल्याला घरात ऐकू येतात. तरी शिकलेल्या पोरीला कामाचं दार उघडत नाही.

त्या ताईच्या प्रश्नावर एका माणसाने अख्खी हयात घालवली आहे. तो आपल्याच वऱ्हाडातला आहे. त्यांचं नाव डॉ. सुखदेव थोरात. आज त्यांची गोष्ट सांगते. पण ती त्यांच्यापासून सुरू होत नाही, आपल्या नागपूर जिल्ह्यातल्या एका बाईपासून सुरू होते.

उमरेडला १८९२ मध्ये महार कुटुंबात जाईबाई चौधरी जन्मल्या. लहान वयात लग्न झालं. पोटासाठी त्यांनी हमाली केली, लोकांचं सामान डोक्यावर वाहिलं. एका मिशनरी बाईच्या नजरेला ही शिकण्याची ओढ असलेली तरुण बाई पडली आणि तिच्या मदतीने जाईबाई शिक्षिका झाल्या. हमाल बाई मास्तरीण झाली. पण मुलांना शिकवणारी बाई 'अस्पृश्य' आहे हे कळताच वरच्या जातींच्या पालकांनी विरोध केला आणि जाईबाईंची नोकरी गेली. त्यांच्या शिकवण्यात खोट आहे असं कोणी म्हटलं नव्हतं. पुढे १९२२ मध्ये त्यांनी नागपुरात मुलींसाठी स्वतःची शाळा काढली आणि तिला संत चोखामेळ्याचं नाव दिलं. अशा कितीतरी बायांची नावं विसरली गेली असती. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघी गावोगाव फिरल्या, म्हाताऱ्या कार्यकर्त्यांशी बोलल्या आणि १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक त्यांनी आणलं.

जाईबाईंची गोष्ट आधी सांगितली ती एवढ्यासाठी की त्यात दोन दारं दिसतात. एक शाळेचं, दुसरं कामाचं. पहिलं त्यांनी कष्टाने उघडलं, दुसरं जातीमुळे बंद झालं.

ही दोन दारं एकत्र पाहण्याची समज आपल्या आज्यांना होती. २० जुलै १९४२ ला नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजर होते आणि हजारो बाया आल्या होत्या. तिथले ठराव आज वाचले तर नवल वाटतं. एकीकडे मुलींच्या शिक्षणाची आणि सरकारी खर्चाने वसतिगृहांची मागणी होती. दुसरीकडे गिरण्या, विडी कारखाने आणि रेल्वेत काम करणाऱ्या बायांसाठी रजा, दुखापतीची भरपाई, आणि बायांवर देखरेखीला बाईच नेमावी अशी मागणी होती. म्हणजे शिकणं आणि कमावणं हे दोन्ही प्रश्न एकाच मांडवात, एकाच दिवशी मांडले गेले. मांडणाऱ्यांतल्या कितीतरी जणींना स्वतःची सही येत नसेल, पण लेकीला काय लागेल ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यानंतर एकेक गोष्ट घडत गेली. १९४४ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकनंतरच्या शिक्षणाची शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आपल्या लेकरांचा जो भारत सरकार शिष्यवृत्तीचा अर्ज आपण ऑनलाइन भरतो, त्याचं मूळ तिथे आहे. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज आणि १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद कॉलेज सुरू केलं. मराठवाड्यात त्या वेळी कॉलेजं बोटावर मोजण्याइतकी होती. खेड्यातलं, फाटक्या कपड्यातलं पोर तिथे येऊन वसतिगृहात राहून शिकू शकत होतं. मिलिंद नुसतं कॉलेज राहिलं नाही. दलित साहित्याचे आणि चळवळीचे कितीतरी लेखक-कार्यकर्ते तिथून निघाले.

याच मिलिंदमध्ये सुखदेव थोरात शिकले. त्यांचा जन्म १९४९ चा, अमरावती जिल्ह्यातल्या महिमापूरचा. औरंगाबादला त्यांनी अर्थशास्त्रात एम.ए. केलं, तिथेच काही वर्षं कॉलेजात शिकवलं आणि १९८० मध्ये दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात गेले. पुढे काही काळ अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या विद्यापीठातही शिकवायला होते. महिमापूर ते आयोवा, असा त्यांचा रस्ता आहे.

अर्थशास्त्र म्हटलं की आपल्याला वाटतं बँका, शेअर बाजार, बजेट. थोरातांनी अर्थशास्त्राला आपल्या गल्लीतला प्रश्न विचारला. जात ही फक्त पाणवठ्याची आणि लग्नाची गोष्ट आहे का, की तिचा पगाराशी, मजुरीशी, धंद्याशीही संबंध आहे? जातीमुळे एखाद्याचं दूध विकलं जात नसेल, एखादीच्या हातचे पापड कोणी घेत नसेल, तर ते नुकसान रुपयांत मोजता येतं का? असल्या प्रश्नांसाठी २००३ मध्ये दिल्लीत भारतीय दलित अध्ययन संस्था उभी राहिली आणि थोरात तिचे संस्थापक-संचालक झाले.

त्यांच्या आधीही या वाटेवर एक बाई चालली होती, तिचं नाव घेतलं पाहिजे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतल्या डॉ. सुमा चिटणीस. शिष्यवृत्त्या सुरू होऊन वर्षं लोटली होती आणि 'आता दलित मुलं शिकू लागली' असं सगळे सहज म्हणत होते. चिटणीसबाईंनी १५ राज्यांतल्या शाळा-कॉलेजातल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांची पाहणी हाती घेतली. तिचा अहवाल १९८१ मध्ये पुस्तक होऊन आला. पुस्तकाच्या नावाचा अर्थच आहे, अजून लांबचा पल्ला गाठायचा आहे. पुढे १९९० मध्ये त्या महर्षी कर्व्यांनी बायांसाठी स्थापलेल्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या.

चिटणीसबाईंनी कॉलेजचं दार तपासलं. थोरातांनी पुढचं दार घेतलं. कॉलेज संपलं, पदवी हातात आली, मग काय होतं?

आता ती पाहणी नीट समजून घेऊ. आपल्या संत्र्याचंच उदाहरण घेते. समजा एकाच झाडाच्या, एकाच आकाराच्या, एकाच दिवशी तोडलेल्या संत्र्यांच्या तीन पेट्या आपण कळमन्याच्या बाजारात नेल्या. फरक एवढाच की तिन्ही पेट्यांवर वेगवेगळ्या मालकांची नावं लिहिली. व्यापाऱ्याने पेटी न उघडता, नुसतं नाव वाचून एकीला जास्त आणि दुसरीला कमी भाव दिला, तर कमी भाव फळाचा आहे का? नाही, तो नावाचा आहे. असं एकदा झालं तर आपण योगायोग म्हणू. शेकडो वेळा झालं तर योगायोग म्हणता येत नाही.

थोरात आणि अमेरिकेतले पॉल अॅटवेल यांनी नोकऱ्यांच्या बाबतीत नेमकं हेच केलं. ऑक्टोबर २००५ पासून ६६ आठवडे त्यांच्या लोकांनी मोठ्या इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिराती गोळा केल्या. विक्री, हिशेब, औषध कंपन्या, कॉम्प्युटर, कारखाने, बँका अशा नुकतंच शिकून बाहेर पडलेल्यांना मिळतील त्या जागा. एकेका जाहिरातीला त्यांनी सारख्याच शिक्षणाचे, सारख्याच तोलाचे अर्ज पाठवले. एका अर्जावर वरच्या जातीतलं वाटेल असं हिंदू नाव, दुसऱ्यावर दलित समाजातलं वाटेल असं नाव, तिसऱ्यावर मुस्लिम नाव. अर्जात जात-धर्म कुठेही लिहिलेला नव्हता. एकूण ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज गेले. मग थांबायचं आणि मोजायचं, कोणाला मुलाखतीचं बोलावणं येतं.

निकाल २००७ मध्ये छापून आला. वरच्या जातीच्या नावाला बोलावणं येण्याची शक्यता आपण १ धरली, तर तेवढ्याच शिकलेल्या दलित नावाची शक्यता ०.६७ निघाली, म्हणजे साधारण तीन भागांतले दोन. मुस्लिम नावाची ०.३३ निघाली, म्हणजे तीन भागांतला एक.

ताईंनो, इथे थोडं थांबा. या माणसांना कोणी पाहिलेलं नव्हतं. बोलणं ऐकलं नव्हतं, कपडे पाहिले नव्हते, इंग्रजी तपासलं नव्हतं. अर्ज करणारी ती माणसं खरी नव्हतीच, कागदावरची होती. तरी कोणाचा कागद पुढे गेला आणि कोणाचा बाजूला पडला. 'पोरीतच काही कमी असंन' असं म्हणणाऱ्यांना या पाहणीने दिलेलं उत्तर हेच आहे. कधी कधी कमी पोरीत नसतं, कागद वाचणाऱ्याच्या नजरेत असतं.

हे फक्त आपल्याकडे होतं असंही नाही. अमेरिकेत बोस्टन आणि शिकागो या शहरांत मारियन बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन या दोघांनी अशीच पाहणी केली होती, ती २००४ मध्ये छापून आली. तिथे प्रश्न गोऱ्या आणि काळ्या माणसांचा होता. गोरं वाटणाऱ्या नावाने साधारण १० अर्ज केले की एक फोन येई, काळं वाटणाऱ्या नावाला त्यासाठी साधारण १५ अर्ज करावे लागत. देश बदलला, कातडीचा रंग बदलला, नजर तीच राहिली.

आता कोणी म्हणेल, कंपनीवाले तर म्हणतात आम्ही फक्त गुण पाहतो. तेही तपासलं गेलं. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी कंपन्यांत माणसं निवडणाऱ्या २५ अधिकाऱ्यांशी सविस्तर बोलून पाहिलं. सगळे म्हणाले, आम्हाला गुणवत्ता हवी, जात आम्ही बघत नाही. पण मुलाखतीत काय विचारता, तर घरची पार्श्वभूमी. वडील काय करतात, भावंडं काय करतात, कुठून आलात. आता वडील मोठ्या हुद्द्यावर असलेल्या मुलाला हा प्रश्न सोपा आहे. शेतमजुराच्या लेकीने काय सांगायचं? ती खरं सांगते आणि खरं सांगितल्यावर तिचे गुण समोरच्याला कमी वाटू लागतात. विचारणाऱ्याच्या मनात पाप असेलच असं नाही. त्याला वाटतं आपण संस्कार तपासतोय.

अश्विनी देशपांडे आणि न्यूमन यांनी दिल्लीच्या तीन विद्यापीठांत शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींना विचारलं, पुढे काय वाटतं, पगार किती मिळेल? एकाच विद्यापीठात, सारखंच शिकलेली मुलं. पण दलित विद्यार्थ्यांची अपेक्षा आधीच कमी होती आणि भरवसा सरकारी नोकरीवर जास्त होता. दुसऱ्यांच्या पाठीशी काका, मामा, वडिलांचे मित्र होते. कुठे जागा आहे, कोणाला फोन करायचा, मुलाखतीला काय बोलायचं, हे त्यांना जेवताना घरातच कळत होतं. आपल्या पोरींना हे सांगणारं घरात कोण असतं? बाप वावरात, माय वावरात. पोरगी घरातली पहिली पदवीधर. ही सगळी पाहण्या-लेखांची शिदोरी पुढे थोरात आणि न्यूमन यांनी २०१० मध्ये इंग्रजी पुस्तकात एकत्र केली.

फेब्रुवारी २००६ मध्ये थोरातांवर विद्यापीठ अनुदान आयोगाचं अध्यक्षपद आलं. देशातल्या विद्यापीठांना आणि कॉलेजांना पैसा आणि नियम देणारं हे मोठं कार्यालय. आयुष्यभर मोजत आलेल्या माणसाच्या हातात आता मोजलेल्यावर काही करायची ताकद आली.

तिथेही त्यांनी आधी मोजलं. १८ ते २३ वयाची जितकी मुलंमुली आहेत, त्यांच्या मानाने कॉलेजात किती आहेत, याला सकल नोंदणी प्रमाण म्हणतात. सोप्या भाषेत, शंभरामागे किती. सरासरी सांगितली की सगळं झाकलं जातं, म्हणून थोरातांनी ते प्रमाण फोडून मांडलं. शहरात किती, खेड्यात किती, मुलगे किती, मुली किती, कोणत्या जातीत आणि धर्मात किती, गरिबाघरी किती, श्रीमंताघरी किती. शहरातल्या सुखवस्तू घरातलं पोर आणि खेड्यातल्या मजुराची पोर यांच्यात केवढी दरी आहे ते उघड दिसलं. प्रत्येक जिल्ह्याचा आकडा काढला गेला. देशाची सरासरी तेव्हा १२.४ होती आणि ३७४ जिल्हे तिच्याखाली होते. त्या जिल्ह्यांत नवी आदर्श कॉलेजं काढायची योजना अकराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात ठरली. आपल्या विदर्भातला गडचिरोली त्या यादीत होता. तिथल्या पोरीला तेव्हा विद्यापीठाच्या कागदासाठी नागपूर गाठावं लागे. २०११ मध्ये गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ झालं.

कॉलेजात शिरल्यावर काय होतं, हाही प्रश्न त्यांच्यापुढे आला. २००६ मध्ये दिल्लीच्या मोठ्या वैद्यकीय संस्थेत, एम्समध्ये, दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना भेदभावाची वागणूक मिळते अशा तक्रारी झाल्या. सरकारने थोरातांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २००७ च्या अहवालात समितीने वसतिगृहापासून वर्गापर्यंतच्या वेगळ्या वागणुकीच्या तक्रारी नोंदवल्या. संस्थेला तो अहवाल मान्य झाला नाही, त्यावर मोठा वाद झाला. पण विषय दबला नाही. २०१२ मध्ये अनुदान आयोगाने नियम केले की प्रत्येक कॉलेजात समान संधी कक्ष असावा आणि भेदभावाची तक्रार ऐकणारा अधिकारी असावा.

थोरातांना २००८ मध्ये पद्मश्री मिळाली. आयोगानंतर ते भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे अध्यक्ष झाले. त्यांनी मोजणं मात्र सोडलं नाही. २०१५ मध्ये त्यांची आणि सहकाऱ्यांची आणखी एक पाहणी आली, ती आपल्या फार कामाची आहे. विषय होता भाड्याची खोली. दिल्ली आणि आसपास भाड्याने घर द्यायच्या जाहिरातींना फोन केले, प्रत्यक्ष जाऊनही विचारलं. पुन्हा तीच तीन तऱ्हेची नावं. वरच्या जातीच्या नावाला जवळजवळ कोणी नाही म्हटलं नाही. दलित नाव सांगितलं की कुठे सरळ नकार, कुठे जास्त भाडं, कुठे अटी. मुस्लिम नावाला नकार सगळ्यात जास्त.

आता याचा संबंध आपल्या पोरीशी लावा. पोरगी हुशार आहे, नागपुरात कामही मिळालं, पण दुसरी पाळी रात्री दहाला सुटते. तेवढ्या रात्री कळमेश्वरची, मोहप्याची, धापेवाड्याची बस तिला मिळत नाही. खोली घ्यावी लागते. खोलीवाला आडनाव विचारतो. खोली मिळाली नाही तर हातचं काम जातं. वसतिगृहं हवीत हे १९४२ च्या त्या बाया उगाच बोलल्या नव्हत्या.

बायांचं आजचं चित्र काय आहे? सरकारच्या २०२१-२२ च्या पाहणीत देशात कॉलेजात जाणाऱ्यांचं प्रमाण शंभरामागे २८.४ होतं. मुलींचं २८.५, मुलांचं २८.३. म्हणजे कॉलेजच्या दारात मुलींनी मुलांना गाठलं आहे. जाईबाईंच्या काळाचा विचार केला तर ही लहान गोष्ट नाही. पण अनुसूचित जातींचं प्रमाण २५.९ आणि अनुसूचित जमातींचं २१.२ आहे, म्हणजे दरी आहेच. आणि कॉलेजनंतर? खेड्यातल्या १५ वर्षांवरच्या बायांपैकी काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या २०१७-१८ मध्ये शंभरात २४.६ होत्या, त्या २०२३-२४ मध्ये ४७.६ झाल्या. आकडा वाढला, बरं वाटतं. पण त्यातलं बरंचसं काम घरच्या वावरातलं आणि घरच्या धंद्यातलं आहे, ज्यात बाईच्या हातात वेगळा पगार पडतोच असं नाही. पोरगी बी.ए. होऊन घरच्या वावरात निंदायला गेली तरी ती या आकड्यात कामकरी म्हणूनच मोजली जाते. वावरातल्या कामाला मी कमी लेखत नाही, आपण सगळ्या त्यावरच जगलो. पण तिने ते निवडलं की दुसरं दार उघडलं नाही म्हणून ती तिथे आली, हे आकडा सांगत नाही. ते आपल्यालाच विचारावं लागेल.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. थोरातांची ती पाहणी मोठ्या शहरांच्या, इंग्रजी पेपरातल्या नोकऱ्यांची होती. आपल्याकडे कारखान्याच्या फाटकावर बहुतेक वेळा अर्ज जात नाही, ओळख जाते. तिथे विचारतात, "कोणत्या गावची? कोणाची?" आणि हा प्रश्न फक्त फाटकावरचे विचारत नाहीत. गटात नवी बाई आली की आपणही विचारतो, "कोणाची गं तू? आडनाव काय?" उत्तर ऐकून आपला चेहरा बदलतो का, हे आपल्याला दिसत नाही, समोरचीला दिसतं. घरची वरची खोली भाड्याने देताना आपण काय विचारतो, तेही आठवून पाहा. दुसऱ्याच्या दाराबद्दल बोलताना आपलं दार कसं उघडतं ते बघायला हवं.

मग गटाने काय करायचं? मोठं काही नाही सांगत.

एक, मोजायचं. हिशेबाची वही आपल्याला येते. तिच्या मागच्या चार पानांवर गावातल्या बारावी झालेल्या मुलींची यादी करा. प्रत्येकीपुढे तीन रकाने: शिकायला गेली का, पूर्ण केलं का, कामाला लागली का. कुठे अडली ते लिहा. बसमुळे, पैशामुळे, दाखल्यामुळे, लग्नामुळे, की बोलावणंच आलं नाही म्हणून. दरवर्षी लिहा. थोरातांनी आयुष्यभर हेच केलं, त्यांची वही मोठी होती एवढंच. ग्रामसभेत नुसतं 'मुलींची अडचण आहे' म्हटलं तर मान हलवतात. 'एवढ्या मुली बसमुळे थांबल्या' असं नावानिशी म्हटलं तर लिहून घ्यावं लागतं.

दोन, दाखले वेळेवर काढायचे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आणि राखीव जागेवर व्यावसायिक शिक्षणाला जायचं तर जात वैधता प्रमाणपत्र. ते निकालानंतर धावपळ करून मिळत नाही, अकरावी-बारावीतच अर्ज टाका. २०२४-२५ पासून राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी शिष्यवृत्ती आणि फीची सोय आधीपासून आहे. खोलीसाठी, वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना स्वाधार योजना आहे. कागद नसला तर हक्क असूनही हातात काही पडत नाही.

तीन, ज्या पोरी कामाला लागल्या आहेत त्यांना सुटीच्या दिवशी गटात बोलवा. मुलाखतीला काय विचारलं, काय बोलली, कुठे जागा आहेत, पगार खात्यात येतो की हातात, पीएफ कापतात का. दुसऱ्यांच्या घरी जे काका-मामा सांगतात, ते आपल्याकडे गटाने सांगायचं.

आणि त्या ताईला मी बैठकीत जे बोलू शकले नाही ते आज सांगते. ताई, तुमच्या पोरीत कमी आहे असं कोणी म्हटलं तर गप्प बसू नका. तिला पुन्हा अर्ज करायला सांगा, दहा ठिकाणी, वीस ठिकाणी. प्रत्येक अर्जाची तारीख आणि उत्तर वहीत लिहायला लावा. जाईबाईंची नोकरी गेली तेव्हा त्यांच्या बाजूने दाखवायला कागद नव्हता. आता आपल्याकडे ४,८०८ अर्जांचा हिशेब आहे. त्यात आपल्या गावाची चार पानं जोडायची राहिली आहेत.

पुढच्या बैठकीत ती वही उघडा. काय निघालं ते आम्हाला कळवा. आपल्याच कार्यक्रमात, नावं न घेता, वाचून दाखवू.